आपल्याकडे

मुलीनं ओसाकाहून करवत पाठवली.
कस्टमवाल्यांनी खोकं फोडून पुन्हा चिकटवलेलं,
आत कागदाएवढं पातळ पातं,
दोन्ही कडांना दाते,
मुठीला वेताची पट्टी आवळून गुंडाळलेली,
बाळंतिणीचं पोट बांधतात तशी.

ऐरोलीतलं आमचं रो-हाउस,
मागे दोन खाटा मावतील एवढं अंगण.
त्यात पेरू, आणि पेरूची एक वाळकी फांदी
टाकीवरून पलीकडे झुकलेली,
सालीखाली मुंग्यांचा संसार.
शेजारचे खानविलकर दोनदा सांगून गेले,
‘पडणार, आणि आमच्या पत्र्यावरच पडणार.’

बावीस वर्षं शाळेत मी कार्यानुभव शिकवला,
पण तो क्रेपच्या फुलांचा.
स्टुलावर चढले, जोर करून करवत पुढे रेटली.
पातं वाकलं, टण्णकन उडालं,
फांदीवर नुसता ओरखडा,
मांजराचासुद्धा याहून खोल असतो.

सासूबाई नणंदेबद्दल म्हणायच्या,
करवत आहे ती,
जाताना कापते, येताना कापते.
ही तसली नाही.
ही जाताना नुसती जाते.

बुधवारी रबाळ्याहून भिवा मेस्त्री आले,
ओट्याखालचं अडकलेलं खण सोडवायला.
करवत दिसली तशी खण तसंच राहिलं.
पातं उन्हात धरलं, दात्यांवरून अंगठा आडवा फिरवला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
‘आज्याची अशीच होती.
दाते मुठीकडे वळलेले.
जमिनीवर बसायचं, फळी पायाच्या अंगठ्यात धरायची
आणि ओढायचं.
मग बाक आला, उभ्यानं कापणं आलं,
आमच्या हातात आली ती रेटायची करवत.
आपल्याकडे असंच होतं, बाई.’
म्हणताना त्यांचा हात छातीपाशी आला.
गाव म्हणाले की दिशा, कळलं नाही.

चहा घेऊन ते पायरीवर बसले,
मदतीला उठले नाहीत.
‘मोठे दाते उभ्या चिरीला. तुम्ही बारीक घ्या.
आधी खालून चार ओढी मारा,
नाहीतर साल फाटत खोडापर्यंत जाईल.
जोर कशाला? विहिरीतून भरली कळशी काढताना
हिसका देता का?’

सुर्र.
थांबून, सुर्र.
भुसा माझ्याच बाजूला येत होता,
पावलांवर, निऱ्यांत, चष्म्यावर,
फिकट गुलाबी, जुन्या पेरूसारखा गोडसर वास.
मुंग्या अंडी उचलून खोडाकडे निघाल्या.
मध्ये गाठ लागली, तिथे करवत रुसली,
मी फुंकर मारली, पुन्हा ओढली.
फांदी पडली ती टाकीच्या अलीकडे,
खानविलकरांचा पत्रा वाजला नाही.
कापाच्या तोंडावर बोट फिरवलं,
ताज्या साबणाच्या वडीसारखं.

फांदी मेस्त्रींनी मागून घेतली,
कोयत्याच्या मुठीला पेरूचं लाकूड बरं म्हणून.
जाता जाता म्हणाले, जरा बघू.
फांदीवर पाय दिला, करवत टेकवली,
डोळे बारीक केले,
आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं
हात सरळ पुढे.
पातं वाकलं. टण्णकन.

आम्ही दोघंही त्या पात्याकडे बघत राहिलो,
थरथर थांबेपर्यंत.
मग मीच म्हटलं,
मेस्त्री,
आपल्याकडे.