कितीची पडली?

सायकल नवी नाही. माझ्या हाती नवी.
वनविभागातल्या ढवळे साहेबांची बदली झाली कोकणात,
ट्रकमध्ये कपाट मावलं, कुत्रा मावला,
ही मावली नाही.
बावीस हजार मोजले मी.
मोजताना तीनदा बोट ओलं केलं.

दांडी सरळ.
जुन्या काळ्या सायकलीसारखी कवेत घेणारी नाही,
शर्यतीतल्यांसारखी मेंढ्याची शिंगंही नाहीत.
बैलाच्या मानेवरच्या जुवासारखी आडवी,
हात ठेवला की माणूस निमूट समोर बघतो.
पहिल्या आठवड्यात करंगळ्या बधिर झाल्या.
त्या आठवड्याच्या लॉगशीटमध्ये
इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात.

स्टँड नाही. कॅरिअर नाही. घंटी नाही.
"मंग हाय काय तिच्यात?" नेवारे म्हणाला,
तेव्हा त्याचा पंक्चरचा पंप तिला लागत नव्हता.
व्हॉल्व्ह बारीक, डासाच्या सोंडेसारखा.
त्यावर बसवायला पितळेची टोपी मिळते वाटाण्याएवढी.
नागपूरहून मागवली, पाकिटात ठेवतो
बाबांच्या पासपोर्ट फोटोमागे.
हवा भरायची वेळ आली की
दोघंही बाहेर येतात.

मोटारसायकल पोरासोबत गडचिरोलीला गेली, पॉलिटेक्निकला.
मला उरले वाढोणा तुकूम ते उपकेंद्र तेरा किलोमीटर.
रेल्वेचं फाटक, दोन बोड्या,
एप्रिलात मोहाचा वास असा दाट
की गिअर एक खाली आणावा लागेल असं वाटतं.
पुढं सागवान. तिथं मी पायडल थांबवतो.
मागचं चाक टिकटिकत राहतं आपोआप,
रोह्यांना तेवढं पुरतं.
एक नर रोज रस्त्याच्या मधोमध उभा असतो,
बॅटरीच्या उजेडात माझ्याकडं बघतो,
मग बाजूला होतो, सरपंचानं व्हावं तसा.

रात्रभर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो,
दर तासाला मी आकडे उतरवतो,
फोन येतात, "लाइन कव्हा येते जी?"
सायकल आत, कंट्रोल रूममध्ये, भिंतीला टेकून.
ठवरे म्हणतो,
"बायकोले बसाले जागा नाही अन्
सायकलीले पंख्याखाली जागा!"
मी हसतो. जुन्या टूथब्रशनं चेन घासतो.
हे हसणं मला पूर्ण जमत नाही.

कितीची पडली, हे सगळेच विचारतात.
टायर दाबतात, एका हातानं उचलून बघतात, मग विचारतात.
ठवरेला म्हटलं बारा.
सासऱ्यांना नऊ.
चहाच्या टपरीवर गोमाबाईला सात,
तरी तिनं कपाळाला हात लावला.
फाटकावरच्या गेटमनला तर म्हटलं,
साहेबानं अशीच देली.
घरी म्हटलं आठ.
ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.
"हो जी?" एवढंच.
सुपातला एक खडा तिनं
जरा लांबच फेकला.

(पासबुक दर महिन्याला तीच भरून आणते.
हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं आठ.)

काल रात्रपाळीहून परत आलो. सव्वासात.
दांडीच्या एका टोकाला डबा, दुसऱ्याला
भेदरांची पिशवी, म्हणून हळू.
कुंपणापाशी आवाज आला शेवंता कुमरेचा,
"कितीची पडली गा बाई, तुह्या बुवाची सायकल?"

आमच्या घरातून उत्तर जरा उशिरा आलं.
"पाच हजाराची.
जुनीच हाय. अन् तेही जास्तच झाले."

मी आत गेलो नाही लगेच.
मागचं चाक टिकटिकू नये म्हणून
एक पाऊलही पुढं टाकलं नाही.
स्टँड नाही,
धरून उभा राहिलो.