सतरा टरफलं

निन्फाच्या चाफ्याला सतरा शेंडे आहेत.
आज मोजले, चष्मा लावून, दोनदा.
एकोणचाळीस वर्षं तो याच बाल्कनीत उभा आहे
आणि मी समजत होतो, असतील आठ-दहा.

पालेर्मोत थंडी अशी नसतेच.
पण जानेवारीतली एखादी रात्र समुद्रावरून येते,
शेंडा चिमटीत धरते,
आणि सकाळी तो काळा, बोट लावलं की मऊ.
म्हणून इथल्या बायका नोव्हेंबरातच
एकेका शेंड्यावर अंड्याचं टरफल चढवतात,
तान्ह्याला टोपडं घालावं तसं.

ते सगळं ती करायची.
मी ऑम्लेट खायचो
आणि विचारायचो, मीठ कुठाय.

डॉक्टरांनी मला आठवड्याला दोनच अंडी सांगितलीत.
या हिशेबानं नाताळ उलटून जाईल.
तेव्हा वाडगा घेऊन खाली क्रोचिफिस्साकडे गेलो.
तिनं न विचारता अकरा टरफलं दिली,
धुतलेली, वर नेमकं भोक पाडलेली,
जणू मी येणार हे ठाऊकच होतं.
म्हणाली, मेलकियोरे, आता मार्चपर्यंत पाणी नाही.
पानं गळतील, गळू दे.
तुला काहीतरी करावंसं वाटेल.
करू नकोस.

स्टुलावर चढलो. गुडघा कुरकुरला.
नववं टरफल बसवताना तोल गेला,
हाताशी आली ती फांदी धरली
आणि ती कट्कन मोडली.
दुधासारखा चीक, बाहीवर, घड्याळावर, चपलेवर.
बराच वेळ तसाच उभा राहिलो
फांदी हातात घेऊन,
कुणी ओरडेल म्हणून.

ओलिवाला फोन केला, तुरीनला.
लग्नात आईनं दिलेली फांदी
पहिल्याच हिवाळ्यात गेली होती तिची.
आईला कधी सांगितलं नाही, म्हणाली.
दर उन्हाळ्यात विचारायची, फुलला का?
आणि मी हो म्हणायचे.
रंगसुद्धा सांगायचे, बाबा.
मधे पिवळा, कडेला किंचित गुलाबी.

मोडलेली फांदी वर्तमानपत्रावर आडवी ठेवलीय.
चीक सुकू दे, जखम धरू दे,
मगच माती. एवढं मलाही माहीत आहे.
एप्रिलात घेऊन जाईन, आगगाडीनं,
मांडीवर.

सोळा शेंडे झाकले.
एक टरफल उरलं.
टाकवत नाही.
टेबलावर आहे, बशीत,
मिठाच्या बरणीशेजारी.