सातवा रकाना

कुटबणच्या जेटीवर, बर्फ फोडायच्या शेडमध्ये
आम्ही टेबल मांडलं.
चाचणीच्या पट्ट्या, कापूस, सुया टाकायचा डबा
आणि माझा तक्ता.
टोचायचं काम सिस्टर एर्मेलिंडाचं.
माझं, विचारायचं.
नाव. वय. लिंग. जन्म कुठला.
सातवा रकाना : गट.

ट्रॉलरवरून उतरलेला सुकरा लोहरा
जन्म कुठला म्हटल्यावर बोटीचं नाव सांगतो.
मागचे हसतात. मला घाई आहे.
मी लिहिते 'स्थलांतरित',
आणि गुमल्यापासून मडगावपर्यंतचे दोन दिवस,
बोटीवरचे तीन मोसम,
एकाच पात्याने दाढी करणारे नऊजण
त्या पाच अक्षरांत दाबून बसवते.

पट्टीला पंधरा मिनिटं लागतात.
एक रेघ, जा.
दोन रेघा, थांब.
थांबलेल्यांना सिस्टर बाकावर बसवते,
कोकमाचं सरबत देते आणि सांगते :
खाटकाकडे मागता ना काळीज, ते हे.
दुखत नाही. वर्षानुवर्षं दुखत नाही.
म्हणून तर बोलावलं.

त्याआधीच्या आठवड्यात केप्याच्या डोंगरात
चंद्रावती वेळीप मला म्हणाली,
आमच्या शाळेत सुई एकच होती गो,
डब्यात उकळायची, आणि अख्ख्या वर्गाचे दंड.
पाणी कधी उकळायचं, कधी नुसतं तापायचं.
यासाठी रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.
समास कुणी मोजत नाही.

पणजीत साहेबांनी तक्त्याचे खांब केले.
पुरुषांचा उंच, बायकांचा बुटका.
पन्नाशीचा उंच,
शाळकरी पोरांचा इतका खुजा
की मला वाटलं छापायचा राहिला.
(लस मिळालेली पोरं ती. त्या खुजेपणावर
मी बोट ठेवून थोडा वेळ बसले.)
आणि सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला
सुकराचा खांब.

रविवारच्या पेपरात तेवढाच आला.
'खलाशांना काविळीचा विळखा.'
सोमवारी जेटीवरच्या खानावळीत
त्यांचे ग्लास वेगळे झाले, तळाशी लाल रंगाचा ठिपका.
ग्लासातून हा आजार जात नाही,
हे मी मालकाला तीनदा सांगितलं.
तो म्हणाला, बाय, पेपरात आलंय.
पुढच्या शिबिराला
टेबलासमोर दोन कुत्रे आणि एक बर्फवाला.

माझ्या भावाच्याही पट्टीवर दोन रेघा आहेत.
मडगावात जन्मला, बँकेत आहे,
आईकडून आलं असणार, जन्मतानाच.
त्याला मी स्वतः 'इतर'मध्ये घातलं.
'इतर'चा खांबही काही अगदीच बुटका नव्हता,
पण इतरांची बातमी होत नाही,
इतरांच्या ग्लासाला ठिपका लागत नाही.

सुकरा संध्याकाळी एकटाच आला, जाळं खांद्यावर.
सरबत नको म्हणाला.
बायकोला आठवा महिना आहे, गावी.
तिला काय सांगू?

तिची तपासणी करा म्हटलं. आणि बाळाला
जन्मल्याबरोबर. त्याच दिवशी. चोवीस तासांच्या आत.
दवाखान्यात. घरी नाही.
लिहून दे म्हणाला, मी विसरतो.
कोरा कागद नव्हता.
तक्त्याचं शेवटचं पान फाडलं, पाठीमागे मोठ्या अक्षरांत
लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं.
त्याने घडी घालून ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं,
बोटीच्या परवान्याशेजारी.