गोड्या पाण्याचं बंदर

सप्टेंबर सरत आला की सुपीरियर सरोवर
रात्रीतून लोखंडाच्या रंगाचं होतं.
अशाच एका पहाटे ‘सिस्को’चा हीटर
कुरकुरत मंदावला
आणि केबिनमधला दिवा पिवळा पडला,
आजाऱ्याच्या डोळ्यांसारखा.

मीटर लावला. धक्क्यावरच्या खांबात एकशे अठरा.
बोटीत, हीटर चालू असताना, सत्त्याण्णव.
मधले एकवीस व्होल्ट गेले कुठे?
वीज वाटेत सांडत नाही.
वाटेतच कुठेतरी तापत बसते.

उर्हो काका फेब्रुवारीत गेला. बोट माझ्या नावावर,
बोटीबरोबर ही पन्नास फुटी पिवळी केबल,
आणि तिच्या एका टोकाला
त्याच्या हातची काळी टेप, वेढ्यावर वेढा,
ठेचलेल्या बोटाला चिंधी बांधावी तशी.

आधी बोटीतलं सगळं बंद: हीटर, फ्रिज, मग मेन ब्रेकर.
मग खांबावरचा ब्रेकर.
मग टोक काढायचं ते आधी खांबाकडचं,
म्हणजे हातात उरते नुसती तार.
उलट केलं तर साप शेपटीकडून धरल्यासारखं.
हे काकानंच शिकवलेलं.

बोटीकडचा प्लग पिळून उपसला, तर
तीन पात्यांतलं एक काळंठिक्कर,
भोवतीचं प्लास्टिक वितळून फुगलेलं.
आणि बोटीच्या खोबणीतही तोच डाग,
आरशात दिसावा तसा.
दुकानात व्हर्नर माकी म्हणाला,
“नुसती केबल नेऊ नकोस.
जळकी खोबण नव्या प्लगला
महिन्याभरात आपल्यासारखं करते.”
वाण नाही, पण गुण लागतो.
मी दोन्हींचे पैसे मोजले.

संध्याकाळी उगाच, कुतूहल म्हणून,
काकाची टेप चाकूनं उकलली.
काळी तार जोडलेली. पांढरी जोडलेली.
हिरवी कापून, बोटभर मागे दुमडलेली.

स्क्रू झिजला असेल. घाई असेल.
किंवा वाटलं असेल, हिला काम काय?
आणि खरंच, रोजचं काम नसतंच तिला.
बिघडलेल्या दिवशी वीज मुकाट घरी न्यायची,
एका दिवसाची नोकरी,
तो दिवस कधी, ते कुणी सांगत नाही.

खारं पाणी माणसाला बरंचसं सोडून देतं,
वीज त्याला वळसा घालून जाते.
गोड्या पाण्यात माणूसच सगळ्यात खारा.
तिथे वाट त्याच्यातूनच.
पोहणारा ओरडत नाही म्हणे.
हात आखडतात, बस.

मागचा सबंध जुलै आर्वोनं
याच धक्क्यावरून उड्या मारल्या.
सौनातून लालबुंद होऊन धावत यायचा,
आणि काका बोटीवरून मोजायचा,
एकतीस, बत्तीस,
कॉफीचा मग गुडघ्यावर टेकवून.

काही झालं नाही.
हे वाक्य मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं.

सकाळी नवी खोबण बसवली.
हिरवी तार सगळ्यात आधी जोडली;
तसा नियम आहे की नाही, मला माहीत नाही.
आधी बोटीकडचं टोक, पीळ, वर कडं घट्ट.
मग खांबाकडचं. मग एकेक ब्रेकर.
अर्ध्या तासानं प्लगला हात लावला. गार.
थोड्या वेळानं पुन्हा लावला.

जुन्या केबलची दोन्ही टोकं छाटून टाकली.
काटकसरी माणसांचं बंदर आहे हे.
कचऱ्यातली धडकी केबल
दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी बोटीला लागते.

आर्वो आला, खांद्यावर टॉवेल.
“आता नवी आहे ना?”
“माझी नवी आहे,” म्हटलं,
आणि धक्क्याकडे बोट दाखवलं:
एकोणतीस बोटी, एकोणतीस पिवळ्या केबली,
कुणाच्या टेपखाली काय, कोण जाणे.
“वाळूच्या टोकाशी जा. तिथे पोह.”

तो पाय आपटत गेला.
लांबून उडीचा आवाज आला, मग दुसरीचा.
मी मोजत होते.