अरव

रस्त्यावर पांढऱ्या रंगात, माणसाएवढ्या अक्षरांत
लिहिलंय: ए, आर, ए, एफ.
सिआन सांगते, वेल्शमध्ये एफचा व होतो. अरव.
म्हणजे हळू.
मागच्या सीटवर मी तो शब्द तोंडात घोळवते.
रव म्हणजे आवाज,
मग अरव म्हणजे तो नसतो तिथलं काहीतरी.
"शब्द एवढे मोठे आणि रस्ते असे," वन्सं म्हणतात
आणि हँडल घट्ट धरतात.

समोरून ट्रॅक्टर आला की त्यांची सून गाडी मागे मागे नेते,
काटेरी कुंपण काचेवर खरवडतं,
ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. एकच.
तेवढ्यात इथले आभार होतात.

गाव पाच संतांच्या नावाचं.
पहिलंच अक्षर अवघड:
जीभ टाळूला लावायची, बाजूंनी वारा सोडायचा.
वन्संनी तीनदा सोडला, कवळी सैल झाली,
आणि आम्ही तिघी अशा हसलो
की फाटकापाशी गाडी थांबवावी लागली.
पलीकडे मेंढ्या, पाठीवर निळे ठिपके,
आणि झाडीतून कुठूनतरी घंटा.

चपलांच्या फळीवर चिखलाचे गमबूट.
पाटीवर मुरुगन.
"हा कोण?"
"कार्तिकस्वामी," मी म्हटलं,
आणि वन्सं एक पाय मोज्यात, एक बुटात, तशाच उभ्या.

त्याच्या देवळावरून जाताना
आई माझी मान धरून दुसरीकडे वळवायची.
कृत्तिकेची पौर्णिमा सोडून बाईनं बघू नये.
बघितलं तर सात जन्म विधवा.

"तू जा," वन्सं म्हणाल्या, आणि जीभ चावली.
पर्स उघडली, मिटली.
"मी चपला सांभाळते."
इथे चपला कोण नेतंय, वन्सं.

आत एक बाई पूजा करत होती.
डोकं भादरलेलं, भुवया पांढऱ्या,
बोटांना बागकामाच्या भेगा.
त्याला न्हाऊ घालत होती. दूध, मग पाणी,
कानामागे बोट फिरवून, मळ राहू नये म्हणून.
मंत्र संस्कृत, ऱ्हस्वदीर्घ वेल्श.
मी बघितलं. सरळ. चौसष्टाव्या वर्षी.
सहा तोंडं.
त्यातलं रागावलेलं कुठलं ते शोधत राहिले.
मोराची मान तेवढी जरा वाकडी होती.

म्हटलं, मी तर तुला कधी पाहिलंच नव्हतं रे.
मग हे गेले ते कशानं,
स्विंडनच्या बस स्टॉपवर, फेब्रुवारीत,
हातात दुधाची बाटली, तीही न फुटता?

बाईनं टॉवेल घेतला,
त्याचे पाय पुसले, बोटांच्या मधे मधे.

बाहेर पाऊस भुरभुरत होता.
वन्सं बाकावर, माझे बूट मांडीवर घेऊन,
वर स्वतःची शाल.
"कसा आहे?"
"लहान आहे," मी म्हटलं. "अगदी लहान."

मग दुपारभर नुसते फिरलो.
फुकटची खिचडी, बिटाची कोशिंबीर,
पडका किल्ला, ज्याच्या पायऱ्या वन्संनी खालूनच मोजल्या,
ओहोटीचा समुद्र, त्याच्याकडे पाठ करून आइस्क्रीम.
त्यांनी घरी तीन फोन केले.
"जेवलात का? गोळी? गॅस बंद केलात?
परत जाऊन बघा."
मी दर वेळी वाळूत दोन पावलं लांब गेले.

परतताना सिआननं देवळाचं पत्रक त्यांच्या हाती दिलं,
मुखपृष्ठावर तो, मोरासकट.
वन्संनी झटकन ते पालथं केलं.
"फोटोतलं धरतात का गं?"
कुणालाच माहीत नव्हतं. सिआन म्हणाली,
आमच्या आजीला विचारलं असतं,
ती चर्चमधली सगळी खाती बघायची.

कारमार्दनच्या अलीकडे पेट्रोल पंपाचा उजेड
गाडीभर आला आणि गेला.
पत्रक सुलटं होतं.
वन्संचे डोळे मिटलेले.
झोप लागली होती की काय, कळलं नाही.
दिव्यांत पुन्हा ती पांढरी अक्षरं आली,
आणि सिआननं खरंच गाडी हळू केली.