कलम सतरा, पोटकलम ग

करारनामा मीच टाईप केला,
सोनपेठच्या तहसीलसमोर, लिंबाखाली,
पानाला सहा रुपये, एकूण एकशे बारा पानं.
माझ्या मशीनचा 'ळ' तुटलेला.
पूल, टोल, मूल्य, वसुली
भराभर उमटत गेले;
काळ आणि वाळू मात्र
जागा सोडून नंतर पेनानं भरायचे होते.

'बांधा, वापरा, हस्तांतरित करा'
गणोरकर वकिलांना हे ठळक हवं होतं.
मी दोनदा ठोकलं, शाई मागच्या पानावर उतरली.
खोडाला टेकून मुंजाजी भोई ऐकत होता.
घाटावर त्याचा थर्माकोलचा चप्पू,
माणशी दोन रुपये, शेळीला एक,
बाळंतिणीला काही नाही.
"हस्तांतरित म्हंजी काय वो?"
"हात बदलणं. अठ्ठावीस वर्षांनी पूल सरकारच्या हातात."
त्यानं आपले हात उलटेपालटे करून बघितले,
दोरानं घट्टे पडलेले,
आणि बिडी मागितली.

कलम सतरा असं होतं:
सदर कालावधीत सहा किलोमीटरच्या आत
दुसरा पूल, रस्ता, नाव वा तराफा
चालू देण्यात येणार नाही.
नाव, हा शब्द टाईप करताना
तो मुंजाजीचा आहे, हे बोटांना कळलं नाही.
बोटांना पानामागे सहा रुपये मिळत होते.

पूल चांगला झाला, खोटं का बोलू.
पहिल्याच पावसाळ्यात फुलाबाईच्या सुनेला
अर्ध्या रात्री जीपमधून परभणीला नेता आलं.
नाक्यावर पस्तीस रुपये,
सुटे नव्हते म्हणून दांडी वर जाईना,
पोरगी तिथंच झाली, दिव्याच्या खांबाखाली.
तिला गाव अजून पावती म्हणतं.

हुसेनसाब पिंजारी म्हणाले,
निजामाच्या टायमाला इथंच करोडगिरीचा नाका होता,
मिठाचं गाठोडंसुद्धा सोडून बघायचे.
शिपायाची टोपी बदलली,
जागा तीच, बसायचा दगडही तोच.

मग चैत्रात गोदावरी आटली,
आणि पुलाच्या सावलीतून, खालून,
लोक चालत जाऊ लागले.
आधी मेंढरं, मग सायकली,
मग उसाच्या चार बैलगाड्या,
वर कंपनीचा माणूस खुर्चीत बसून
रिकाम्या रस्त्याकडं बघत होता.
आठ दिवसांत जेसीबीनं चर खणला
आणि खांबाला नोटीस लागली: कलम सतरा, पोटकलम ग.

ग्रामसभेत नोटीस वाचली मुंजाजीच्या थोरलीनं,
पारू, डी.एड. झालेली, आवाज खणखणीत:
"नदीच्या वा… वातून वाहतूक करण्यास मनाई आहे."
"काय?"
"वातून. असंच छापलंय. मधे जागा कोरी."
हुसेनसाब गुडघा चोळत उठले,
"वातून बंदी? अरे, माझा वात तर निजामाच्याही आधीचा."
सरपंचाला हसू आवरेना.
ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहिलं:
अर्थबोध होत नाही.
दुसऱ्या दिवशी चर बुजवला,
कुणी, ते इतिवृत्तात नाही.

गणोरकर पांढऱ्या गाडीतून आले,
पान माझ्यासमोर आपटलं.
"मुद्दाम सोडलंत?"
मी मशीन त्यांच्याकडं फिरवलं,
'ळ'ची काडी दाबून दाखवली, ती अर्ध्यात थांबली.
ते बराच वेळ त्या काडीकडं बघत राहिले.
एकशे अकरा पानांवर मी पेन चालवलं होतं.
एका पानावर का नाही,
हे त्यांनी विचारलं, नंतर मीही स्वतःला विचारलं.
पेन खिशात होतं, एवढं आठवतं.
समोर मुंजाजी माझी बिडी ओढत होता, हेही.

आता श्रावणात पाणी आलं की
खालची वाट जाते.
चप्पू मुंजाजीच्या अंगणात पालथा,
त्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
तेव्हा आम्ही सगळे वरून जातो,
पस्तीसाचे आता पन्नास झालेत.
मीही देतो.
पावतीवर 'वेळ' छापलेली असते,
कंपनीच्या मशीनचा 'ळ' अगदी ठणठणीत आहे.