शिट्टी

बास्त्याव मास्तर मडगावला लेकीकडे गेले
त्याला आज एकोणीस दिवस.
शिट्टी तेवढी मागे राहिली,
बर्फाच्या कारखान्यात, हजेरीच्या वहीवर, खिळ्याला.
दोरीला अजून त्यांच्या मानेचा वास आहे.

मी त्या खिळ्याखाली बसतो. लाद्या मोजतो.
क्लबाचा हिशेबही माझ्याच खणात,
म्हणून होड्या लागल्या की सगळे इथे जमतात,
पायांना वाळू, हाताला खवले,
आणि येताना प्रत्येकाच्या खिशात एकेक मास्तर.

नारायण गिरपाचा म्हापशाचा.
"थर्ड डिव्हिजन खेळलेलो. गुडघो गेलो, म्हणान शिकवता."
गेलेल्या गुडघ्यावर आमच्या गावाचा फार विश्वास.
ज्याचा गुडघा शाबूत
त्यानं खेळात असं काय पाहिलं असणार?

जेरोम लोबो सावंतवाडीच्या ड्रिलमास्तरवर थुंकतो.
"पोरांका उन्हात रांगेन उभी करता.
फुटबॉल म्हणजे काय पंधरा ऑगस्ट?"

इब्राहिम खतीबांचा मावसभाऊ बोटीवर खानसामा होता.
डेकवर खेळायचे म्हणे, ब्राझीलवाल्या खलाशांबरोबर,
उंच मारलेला चेंडू परत येत नसे,
म्हणून पास जमिनीलगत. कायम जमिनीलगत.
यावर सगळे गप्प होतात.
खतीब लादीवर अकरा बांगडे मांडून दाखवतात,
तीन मागे, पाच मध्ये, दोन तोंड गोलाकडे करून,
तेवढ्यात हेमलता कुबल पाटी घेऊन येते
आणि लेफ्ट बॅक उचलते.
"गिराईक उभां आसा. तुमची म्याच मगे."

मग कोणीतरी म्हणतं, वेतोबाला सांगूया.
रात्रभर चालतो तो, चपलांचे तळ झिजतात,
आरवलीपासून इथवर प्रत्येक बांध त्याला ठाऊक,
मार्किंग त्याच्याइतकं कोण करणार?
कोणी हसत नाही फारसं.
केळ्यांचा घड बोलून ठेवला आहे गिरपानं,
फक्त म्हापशाचा आला तर.

मैदान मिठागराला लागून.
आमच्या रेषा चुन्याच्या नसतात, टाकाऊ मिठाच्या असतात.
दव पडलं की मीठ विरतं,
पण खालचं गवत मेलेलं असतं,
म्हणून दिसतं, कुठवर आपलं.

मी बोलत नाही.
खणात तीन हजार एकशे चाळीस रुपये आहेत,
त्यातले पंधराशे जाळ्याचे द्यायचे.
म्हापशाला कोणी फोन केलेला नाही.
सावंतवाडीलाही नाही. खानसाम्याला तर
आपण उमेदवार आहोत हेच माहीत नाही.
मी मात्र एक कार्ड टाकलं होतं.
पत्ता मडगावचा.
लिहिलं होतं, शिट्टी इथंच राहिली आहे.

गुरुवारी बघतो तर खिळा रिकामा.

कोण घेऊन गेलं यावर दोन संध्याकाळी गेल्या.
तिसऱ्या दिवशी, बल्ब लावायच्या सुमाराला,
मिठागराकडून आवाज आला.
आखूड. मध्येच तुटलेला. पुन्हा एक.
पोरांचे पाय धावल्याचं कळत होतं.

"म्हापशाचो," गिरप म्हणाला, पण हळू.
"खंयचो म्हापशाचो! दात नसलेल्या माणसाची फुंक ती."
"बाईमाणूसय आसात."
"पोरांनीच कोणीतरी…"
खतीब म्हणाले, बोटीवर धुक्यात असंच वाजवतात.

उठून बघायला शंभर पावलं.
कारखान्याच्या मागचं दार ढकललं
की मैदान समोर.
जेरोम उठला, लुंगी आवळली,
आणि परत त्याच खोक्यावर बसला.

हेमलतेच्या पाटीत चार बांगडे उरले होते.
तिनं ते न सांगता लादीवर ठेवले.
खतीबांनी चौघांकडे बराच वेळ पाहिलं,
मग एकाला थोडं मागे सरकवलं.

बाहेर शिट्टी वाजत होती.
मी घड्याळाकडे पाठ केली
आणि विचारलं, बरं,
गोव्याचाच हवा असं कुठं लिहिलंय?